पाय टेकला म्हणून हाड शाबूत समजलो

मी दुसरीपर्यंत शिकलो. तिसरीत मास्तरांनी नाव घातलं व्हतं, पण त्या साली आमची मेंढरं घाट उतरून खानदेशात गेली आन् मी मेंढरांमागं गेलो. तव्हा लिहिण्यात चुका निघतील. दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर कुलकर्णी साहेब म्हणून व्हते, कोर्टात कारकुनी केलेले. ही वही त्यांनीच दिली. म्हणले, "आबा, तुम्ही बोलता तसं लिहा, मी नंतर शुद्ध करून देतो." मी म्हणलं, शुद्ध करू नका. पाय जसा बसवला तसा मी चालतोय, लिहिलेलंबी तसंच चालू द्या.

ज्या घरात म्हातारं माणूस पडलंय त्या घरासाठी हे लिहितोय. औषधपाण्याचं मला काय कळत नाय, ते डॉक्टरला इचारा. माझ्या हातून काय चुकलं आन् पुढं काय भोगलं, तेवढंच मी सांगतो.

पडलो तो दिवस

माझं वय शहात्तर. आम्ही चिकलठाण्याला राहतो. पोरगा भगवान तिथंच एका कंपनीत मशीनवर हाय. बायको पारू. सात वर्षांमागं मी मेंढरं धाकट्या भावाच्या, रामाच्या हवाली केली आन् शहरात आलो. पण कातरणी सोडली नाय. वर्षातून दोनदा मेंढरांची लोकर कातरावी लागती, एकदा दिवाळीच्या आधी आन् एकदा शिमग्याच्या आधी. तव्हा मी एसटीनं कन्नडला जातो, तिथून रामाच्या तळावर. संगं माझ्या बापाची कातर असती. ती मी दुसऱ्याच्या हातात देत नाय.

दिवाळीची कातरणी बारा दिवसांवर आली व्हती. कातरीला धार लावायला मी औरंगपुऱ्यात गेलो. तिथं एका बोळीत धारवाला हाय, त्याच्या बापानं माझ्या बापाची कातर परजलेली. धार झाली, कातर फडक्यात गुंडाळली, रिक्षात बसलो. पुढच्या चौकात औषधाच्या दुकानापाशी उतरताना पाय नालीच्या कडेवर पडला आन् सरकला. पडताना माणूस हात टेकतो. मी नाय टेकला. हातात कातर व्हती, तिचं टोक वाकू नये म्हणून मी हात वर धरला आन् सगळा भार उजव्या खुब्यावर घेतला.

रिक्षावाला पळत आला. "चाचा, लगी क्या?"

"कुच नै हुआ. जाव तुम."

"ऐसे कैसे जाऊं? मेरे अब्बा के उमर के हो. चलो, सामनेच दवाखाना है."

मी नको नको म्हणत असताना त्यानं मला काखेत हात घालून उठवलं. मी उभा राहिलो. उजवा पाय जमिनीवर टेकवला. दुखलं, पण टेकला. तिथंच मी मनाशी ठरवून टाकलं की हाड शाबूत हाय.

हे कशावरून, ते सांगतो. आमच्या धंद्यात हाच आडाखा. मेंढी लंगडली की बाप लांबून बघायचा. पाय अधांतरी धरून तीन पायांवर चालली तर हाड मोडलं, मंग बांबूच्या कामट्या लावून बांधायचं. पण पाय टेकवत असली, मंग कितीबी लंगडू दे, तिला खांडीबरोबर, म्हणजे कळपाबरोबर, चालू द्यायचं. साठ वर्षं मी हेच बघून मेंढरं सांभाळली. तोच आडाखा मी स्वतःला लावला.

छोट्या दवाखान्यात फोटो काढला. डॉक्टर तरुण व्हता, मिशी नुकती राखलेली. त्यानं माझा पाय हळूच आत-बाहेर फिरवला, तव्हा जांघेत अशी कळ गेली की मी टेबलाची पट्टी धरली. त्यानं फोटो उजेडात धरला. म्हणला, "आबा, फोटोत काही दिसत नाही. पण तुमचं दुखणं मला बरोबर वाटत नाही. बारीक चीर असली तर साध्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही, त्याला एमआरआय लागतो. तो उद्याच करून घ्या. तोपर्यंत या पायावर अजिबात वजन टाकायचं नाही. घरचं कोणी बोलवा, मी त्यांना समजावून सांगतो."

"घरचे गावाला गेलेत," मी म्हणलं.

गावाला कुणीबी गेलं नव्हतं. पारू घरी ज्वारी निवडत बसली व्हती.

त्यानं सगळं कागदावर लिहिलं आन् वरून म्हणला, "हे मुलाला दाखवा. विसरू नका." मी कागदाची घडी केली आन् कातरीच्या फडक्यात घातली. फोटो तेवढा उघडा हातात धरून घरी आलो.

भगवान पाळीवरून आला तव्हा मी फोटो पुढं केला. "पडलो व्हतो. फोटो काढला. हाड शाबूत हाय."

"डॉक्टर काय म्हणले?"

"म्हणला, लोखंडाचं हाड हाय तुमचं."

भगवान हसला. मीबी हसलो. कागद दाखवला असता तर त्यानं मला खाटेवरून हलू दिलं नसतं. मंग कातरणी गेली असती. मला कातरणीला जायचं व्हतं, दुसरं काय कारण नाय.

नऊ दिवस

नऊ दिवस मी त्या पायावर चाललो. जांघेत दुखायचं, कधी गुडघ्यात दुखायचं, मी गुडघ्याला तेल लावायचो. चपला घालताना घाम फुटायचा. पारू सगळं बघत व्हती. एक दिवस म्हणली, "असं लंगडं मेंढरू दिसलं असतं तर तुम्ही खाली पाडून त्याचा पाय चाचपला असता."

"पाय टेकतोय ना?"

"टेकतोय, पण तोंड बघा तुमचं. कडू लिंबाचा पाला चावल्यासारखं झालंय."

नवव्या दिवशी सकाळी अंगणात वाळत घातलेलं घोंगडं काढायला गेलो. कातरणीला न्यायचं व्हतं. घोंगडं ओढलं आन् वळलो. पडलो नाय, ठेचाळलो नाय, नुसता वळलो. आतून वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला आन् मी भिंतीला घासत खाली बसलो.

पारू धावत आली. भगवान ब्रश तोंडात घेऊन आला. दोघं माझ्या तोंडाकडं बघत व्हते. मी माझ्या पायाकडं बघत व्हतो. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत व्हता आन् पाऊल बाहेरच्या अंगाला कलून पडलं व्हतं.

ते पाऊल मी आधी बघितलेलं व्हतं.

आईचा पाय

मी तव्हा सोळा-सतरा वर्षांचा असंन. दिवाळी झाली की आमची खांड कन्नडाहून घाट उतरायची. पुढं मेंढरं, मंग घोड्यावर बिऱ्हाड. घोड्याच्या पाठीवर मेंढरं रात्री कोंडायच्या जाळ्या, भांडी, टोपलीत कोंबड्या, पिशवीत तोंड बाहेर काढलेली दोन-तीन नवी कोकरं आन् या सगळ्याच्या वर माझी आई. आमच्या घोडीचं नाव मोती व्हतं. घाटात सकाळी धुकं असायचं, मेंढरांच्या ओल्या लोकरीचा वास यायचा, आन् वरून आई हाका मारायची, "ए, ती बांडी मागं राहिली बघ! झोपला का चालता चालता?" आईला घोडीवर बसून सगळी खांड दिसायची. बांडी म्हणजे ठिपक्याची. त्या मेंढरांची नावं मला अजून पाठ हायेत. आता घरातल्या नातवंडांची नावं एकमेकांना लावतो, पण मेंढरांची चुकत नाय.

त्या साली घाटाच्या पायथ्याला एक मोटार भोंगा वाजवत आली. मोती बुजली आन् आई वरून खाली आली. उठवली तर उजवं पाऊल बाहेरच्या अंगाला कललेलं, पाय आखूड. जवळच्या गावातून हाड बसवणारा आणला. त्यानं ओढलं, कामट्या बांधल्या, अंड्याचा लेप लावला. मेंढीच्या पायाच्या नळीला जे चालतं ते खुब्याला चालत नाय, हे तव्हा कुणालाबी माहीत नव्हतं. फोटो कुठला आन् काय कुठलं.

बाकीच्या खांडी पुढं गेल्या. बापानं आमची खांड कापसाच्या एका रानात थांबवली. आसपासचा चारा चार दिवसांत संपला. बाप रोज मेंढरं लांब न्यायचा आन् दिवस मावळायच्या आत माघारी आणायचा. आई पालात पडून म्हणायची, "जावा की पुढं. माझ्यापायी मेंढरं उपाशी मारता व्हय?" बाप म्हणायचा, "मेंढी लंगडली तर खांद्यावर घेतो मी. तुला सोडून जाईन?"

एवढंच बोलायचा. कमी बोलणारा माणूस व्हता.

आईची पाठ पडून पडून चिघळली. मंग छातीत कफ भरला. मोडल्यापासून दोन महिने सुदिक काढले नाय तिनं. शेवटपर्यंत एकच सांगायची, "मला उभं करा रे. नुसतं उभं करा." आम्हाला वाटायचं उभं केलं तर हाड हलंन. म्हणून आम्ही तिला झोपवून ठेवलं.

अंगणात भिंतीला टेकून बसलो तव्हा मला हे सगळं एका दमात आठवलं. भगवान फोन लावत व्हता. मी पारूला म्हणलं, "माझं आईवाणी झालं." पारूनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

मोठा दवाखाना

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पुन्हा फोटो. आता चीर शोधायची गरज नव्हती, मला दुसरीपर्यंत शिकलेल्यालाबी दिसत व्हतं. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो. ज्यानं मटणाची तंगडी फोडली त्याला गोळा माहीत असतो. त्या गोळ्याच्या खाली हाडाची मान असती. माझी मान मोडून गोळा एकीकडं आन् हाड वर सरकून दुसरीकडं गेलं व्हतं.

मोठ्या डॉक्टर शांत बाई व्हत्या. त्यांनी मला फोटोवर बोट ठेवून दाखवलं. म्हणल्या, "गोळ्याला रक्त या मानेतूनच जातं. मान अशी सरकली की ते तुटतं, आणि गोळा सुकतो. तुमच्या वयात तो पुन्हा जोडण्यात अर्थ नाही. गोळा काढून नवीन बसवू. नुसती चीर असताना आला असतात तर आहे त्या जागी दोन-तीन स्क्रू घालून भागलं असतं." मंग त्यांनी इचारलं, "पडल्यावर कुणाला दाखवलं नव्हतं का?"

भगवाननं जुना फोटो पुढं केला. "दाखवलं होतं, मॅडम. त्या डॉक्टरनं सांगितलं, हाड लोखंडाचं आहे. नऊ दिवस माझा बाप मोडक्या पायावर चालला."

मॅडमनी जुना फोटो बराच वेळ बघितला. "यात खरंच दिसत नाही. असं होतं. पण मग त्यांनी पुढं काही सुचवलं नाही?"

भगवान म्हणला, "नाही."

मी छताकडं बघत व्हतो.

शेजारच्या खाटेवर कुलकर्णी साहेब. ते देवघरातल्या पाटावरून उठताना पडले व्हते. त्यांचंबी हाड खुब्यापाशीच मोडलं, पण मानेच्या खाली, जिथं हाड रुंद असतं तिथं. त्यांना गोळा बदलायची गरज नव्हती, आतून सळई घालून स्क्रू मारले. त्यांनी मला समजावलं, "आबा, तुमची केस मानेची, माझी मानेखालची. दोघांचा खटला एकाच कोर्टात, कलमं वेगळी." मला हसू आलं आन् खुब्यातून कळ गेली. म्हणलं, साहेब, ऑपरेशन होईपर्यंत हसवू नका.

दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन केलं. मला वाटलं व्हतं, आठ-दहा दिवस बघतील. मॅडम म्हणल्या, "मोडलेल्या हाडापेक्षा पडून राहणं वाईट. म्हाताऱ्या माणसाला तेच मारतं." मला वाटलं, हे वाक्य कुणी त्या कापसाच्या रानात येऊन सांगायला पायजे व्हतं.

मी बडबडलो

कमरेत सुई देऊन पाय बधिर केले. हातोडीचा आवाज आला तेवढा आठवतो. पुढचा दीड दिवस माझ्या आठवणीत नाय. कुलकर्णी साहेबांनी नंतर सांगितलं.

भर दुपारी मी खाटा मोजायला लागलो. एक, दोन, तीन, आन् मंग ओरडलो, "एक कमी हाय! बांडी कुठं गेली?" नर्सबाई आल्या तर त्यांना म्हणलं, "जाळी नीट लाव गं, कोल्हा शिरंल." कुलकर्णी साहेबांना मी मेंढीला बोलावतो तशी हाक मारली. ते म्हणले, "आबा, मी दोनदा 'ओ' दिली. तिसऱ्यांदा तुम्ही मला चारा खायला सांगितलं."

म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशननंतर असं होतं म्हणं. डोकं भरकटतं, दोन-चार दिवसांत जाग्यावर येतं. ज्यांच्या घरी होईल त्यांनी घाबरू नये. जवळ ओळखीचं माणूस बसू द्यावं, चष्मा द्यावा, कुठं हाय ते सांगत राहावं. पारू दीड दिवस माझ्या उशापाशी बसून हेच करत व्हती.

डोकं जाग्यावर आलं तव्हा पारू चमच्यानं पेज भरवत व्हती. हळूच म्हणली, "तुम्ही सारखं एकच म्हणत व्हतात. फडकं सोडू नका, फडकं सोडू नका."

मी तोंड मिटलं.

"पेज करायला घरी गेले व्हते, तव्हा मी सोडलं," पारू म्हणली. "आत कागद हाय. मला वाचता येत नाय. पण डॉक्टरचा कागद आन् कातरीत लपवलेला, म्हणजे काय ते मला कळतं. मी परत हाय तसा बांधून ठेवला."

"भगवानला दाखवला?"

"मी का दाखवू? तुमचा हाय. तुम्ही दाखवा."

तिनं चमचा पुढं केला. मी पेज गिळली.

भगवान हेल्मेट घेऊन उभा राहिला

तिसऱ्या दिवशी भगवान पाळी बदलून आला. संगं कंपनीतले दोन मित्र. हातात हेल्मेट, बसलासुदिक नाय. म्हणला, "आबा, आम्ही औरंगपुऱ्यात जाऊन येतो. त्या डॉक्टरला जरा इचारायचंय. फोटो संगं घेतलाय."

मित्र म्हणला, "काका, काळजी करू नका. त्याचा बोर्डच खाली उतरवतो."

मला ती मिशी आठवली. "विसरू नका" म्हणलेला आवाज आठवला. त्या पोरानं जे सांगायचं ते सगळं सांगितलं व्हतं. आता तीन दांडगे त्याच्या दारात जाणार.

मी जन्मात कुणाला माझं चुकलं म्हणलं नव्हतं. बापाला नाय, रामाला नाय. एकदा थोडी मेंढरं विकताना रामा म्हणला व्हता की भाव पडलाय, थांब. मी ऐकलं नाय, चुकलं, तरी म्हणलं की मला असंच करायचं व्हतं. भगवान दारापर्यंत गेला. पारू माझ्याकडं बघत नव्हती, भिंतीकडं बघत व्हती. ती बघत असती तर कदाचित मी बोललो नसतो.

"भगवान," मी म्हणलं, "घरी जा. कातरीचं फडकं सोड. आत कागद हाय. तो वाच आन् मंग कुठं जायचं तिकडं जा."

"कसला कागद?"

"त्या डॉक्टरचा. त्यानं सांगितलं व्हतं, पाय टेकू नका, मोठा फोटो काढा, पोराला बोलवा. मी म्हणलं, घरचे गावाला गेलेत."

मित्र एकमेकांकडं बघायला लागले. भगवाननं हेल्मेट खाटेच्या पायथ्याशी ठेवलं. मला वाटलं, ओरडंल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"का, आबा?"

"कातरणी व्हती."

"कातरणीसाठी?" त्याचा आवाज फाटला. "मी काय तुम्हाला बांधून ठेवणार होतो? उचलून नेलं असतं की कातरणीला."

ते मला सुचलंच नव्हतं. उचलून नेता येतं, हे मला सुचलंच नव्हतं.

कुलकर्णी साहेब पेपरच्या आडून म्हणले, "भगवानराव, आरोपीनं गुन्हा कबूल केलाय. आता शिक्षा सौम्य ठेवा." भगवान हसला नाय, पण बसला. मित्रांना म्हणला, "तुम्ही जा रे." मंग त्यानं माझ्या पावलाला हात लावून बघितलं, गार हाय का गरम. ऑपरेशन झाल्यापासून त्यानं असं पहिल्यांदा केलं.

चार पाय

व्यायामाला फरहीन मॅडम यायच्या. नातीच्या वयाची पोरगी, पण आवाज हवालदाराचा. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच मला उभं करायला आल्या व्हत्या. मी तव्हा खाटा मोजत व्हतो, म्हणून परत गेल्या. आता वॉकर घेऊन आल्या.

"ते लोखंड न्या," मी म्हणलं. "माझी काठी आणा. साठ वर्षं काठीवर चाललोय."

"आबा, मेंढीला पाय किती?"

"चार."

"काठी धरली तर तुमचे किती?"

"तीन."

"आणि तीन पायांवर चालणाऱ्या मेंढीला तुम्ही काय करता?"

कुलकर्णी साहेब हसून खोकायला लागले. पारूनं पदर तोंडाला लावला. मी वॉकर धरला.

उभा राहिलो तव्हा डोळ्यापुढं अंधार आला, पण पाय टेकला. मॅडम म्हणल्या, या पायावर वजन टाका, नवीन गोळा आहे, घाबरू नका. आधी टेकायचा नव्हता तव्हा मी टेकला आन् आता टेक म्हणतात तर मांडी लटलट कापत व्हती. चार पावलं टाकली. खिडकीपर्यंत. खिडकीतून रस्त्यावरची वर्दळ दिसली आन् मला आई आठवली. नुसतं उभं करा म्हणायची. मी खिडकीचा गज धरून तोंड बाहेरच ठेवलं, आत कुणाला दिसू नये म्हणून.

दोन दिवसांनी कुलकर्णी साहेबांची पोटरी सुजली. त्यांना व्यायामाचा कंटाळा, मॅडम आल्या की झोपेचं सोंग करायचे. पायात रक्ताची गुठळी झाली आन् ती छातीत गेली. धाप लागली, ओठ निळे पडले, त्यांना अतिदक्षतेत नेलं. शेजारची खाट चार दिवस रिकामी व्हती. मी रोज मोजायचो, एक कमी. तव्हापासून मी पावलं वर-खाली करायचा व्यायाम मॅडमनी दहा वेळा सांगितला तर वीस वेळा केला. पोटात रक्त पातळ करायची सुई देतात, तीबी कुरकूर न करता घेतली. साहेब वाचले. माघारी आले तव्हा आवाज बारीक झाला व्हता, पण पहिलं वाक्य म्हणले, "चारा संपला नाही ना?"

घरी

घरी आल्यावर खरा अवघड काळ. नवीन गोळा बसवला की खाली बसायचं नाय, मांडी घालायची नाय, पायावर पाय टाकायचा नाय. झोपताना दोन पायांत उशी. जो माणूस जन्मभर भुईवर बसला, भुईवर जेवला, त्याला खुर्चीवर बसवून ताट पुढं ठेवलं की घास उतरत नाय. पारू खाली, मी वर. मी दोन दिवस अर्धंच जेवलो. तिसऱ्या दिवशी पारूनं धान्याचा डबा उपडा टाकला, त्याच्यावर बसली आन् माझ्या उंचीला येऊन भाकरी कुस्करायला लागली. तिचे पाय जमिनीला पुरत नव्हते, हलत व्हते.

"पडशील," मी म्हणलं.

"पडले तर तुमच्यासारखं लपवणार नाय," ती म्हणली.

संडासाला उंच खुर्ची, अंघोळीला भगवान. पहिल्या दिवशी मी त्याला दाराबाहेर उभा केला. दुसऱ्या दिवशी साबण खाली पडला. मी वाकू शकत नव्हतो, वाकलो तर गोळा निसटंल असं सांगितलेलं. मी बराच वेळ साबणाकडं बघत उभा राहिलो. मंग हाक मारली. तो आत आला, साबण उचलला, माझी पाठ चोळली. माझा बाप मेंढरं धुवायचा तव्हा अशीच पाठ चोळायचा, लोकरीच्या उलट्या अंगानं.

दिवाळीची कातरणी तर गेलीच. रामानं फोनवर मेंढरांचा आवाज ऐकवला.

शिमग्याच्या आधी

शिमगा जवळ आला. मोठ्या डॉक्टर मॅडमनी तपासलं, फोटोत गोळा बरोबर जाग्यावर. चालायची परवानगी व्हती, वॉकर सोडायची नव्हती. भगवाननं रजा घेतली, मित्राची गाडी आणली, मागं दोन उशा टाकून मला बसवलं. कातर त्यानं स्वतः घेतली. फडक्यात तो कागद अजून व्हता. मी म्हणलं, फेकून दे. तो म्हणला, "राहू द्या."

कन्नडच्या पुढं रामाचा तळ व्हता. लांबूनच वास आला. शहरात सात वर्षं काढली, नाकाला काय झालं नाय. रामानं माझ्यासाठी दगडांवर जुनी बाज मांडली व्हती, कमरेएवढी उंच. मेंढी बाजेवर आडवी धरायची आन् मी उभ्यानं कातरायचं. बाकीचे गडी भुईवर बसून कातरत व्हते. मला लाज वाटली. पण कातर हातात आली आन् पहिली लोकर सुटली तव्हा लाज कुठं गेली ते कळलं नाय. एकच मेंढी कातरली. पाय थरथरायला लागला तव्हा मीच म्हणलं, बस. आधीचा मी असतो तर दहा कातरून पडलो असतो.

कातरणी संपली. ऊन कलायच्या आत खांड दोन कोस पुढच्या रानात न्यायची व्हती. मेंढरं निघाली. मी वॉकरवर रेलून बघत व्हतो. मागून चौथी, पांढऱ्या कानाची, उजव्या मागच्या पायानं लंगडत व्हती.

"रामा, तिला धर."

"दादा, काय नाय झालं तिला. काल खड्ड्यात पडली व्हती. पाय टेकवती की, बघ. चालंल ती."

"टेकवती म्हणूनच धर."

रामानं माझ्याकडं बघितलं. आमच्या बापाचा आडाखा मी मोडत व्हतो, ते त्याला कळलं. पण तिला धरली, बाजेवर घातली. मी जांघेत बोटं घातली, पाय हळूच आत-बाहेर फिरवला, त्या मिशीवाल्या पोरानं माझा फिरवला तसा. मेंढी ओरडली नाय. ओठ दाबून धरावे तशी नुसती ताठ झाली. मला ते ताठ होणं ओळखू आलं.

"हिला चालवायचं नाय," मी म्हणलं.

"खांड निघाली, दादा. हिच्यापायी थांबायचं व्हय?"

मी काय बोलायच्या आधी भगवान पुढं झाला. कंपनीचा निळा शर्ट घातलेला, जन्मात मेंढी उचललेली नाय. त्यानं तिचे पाय धरले, चुकीच्या बाजूनं. रामानं हसत हसत हात बदलून दिले. मेंढी त्याच्या मानेभोवती बसली, तिच्या लोकरीचे धागे त्याच्या कॉलरला चिकटले, आन् तो खांडीमागं चालायला लागला.

"आबा, तुम्ही गाडीत बसा," तो मागं न बघता म्हणला.

"त्या लिंबाच्या झाडापर्यंत येतो," मी म्हणलं, "मंग बसतो."

मी वॉकर पुढं टाकला आन् त्याच्यामागं निघालो.